ज्वालामुखीवरची संकष्टी

“मॅडम, आज चंद्रोदय किती वाजता असेल, काही कल्पना?”

भर दुपारी, धो धो पावसात मला हा प्रश्न विचारला गेला. आम्ही एका झोपलेल्या ज्वालामुखीच्या उतारावर घोटाभर चिखलात उभे होतो. ढग इतके खाली आले होते की रांगेतला चौथा माणूस दिसत नव्हता. आणि सुहासराव देशकर चंद्राची चौकशी करत होते. तेही जड, बोबड्या जिभेने.

ट्रेकवर कोणाची जीभ बोबडी झाली की मी आधी त्याचे हात बघते. का, ते सांगते.

मी व्हँकुव्हरला हायकिंग गाईड आहे. मूळची नाशिकची. इथे आले ती सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून. कंपनीने ले-ऑफ केलं तेव्हा वीकएंडच्या छंदाचाच धंदा केला, रीतसर कोर्स केले, सर्टिफिकेट मिळवलं. लोकांना वाटतं, गाईड म्हणजे पुढे चालून रस्ता दाखवणारा. रस्ता दाखवायला पाट्या असतात. गाईडचं खरं काम म्हणजे डोकी मोजणं, माणसांना वेळच्या वेळी खायला लावणं आणि वरचं टोक दिसत असतानाही त्यांना मागे फिरवणं. तिन्ही कामांत शिव्या मिळतात.

हा ग्रुप मला माझ्या बॉसने दिला. ग्लेन त्याचं नाव. तेव्हा, म्हणजे २००८-०९च्या सुमाराला, कंपनीत मी एकटीच देशी गाईड होते. चार दिवसांचा ट्रेक, आठ माणसं, सगळी इथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीतली, सगळी मराठी. ग्लेन खूश होता. “मृणाल, दे आर युअर पीपल. यू स्पीक द लँग्वेज. ईझी ग्रुप!”

ईझी! पार्किंग लॉटमध्ये बॅगा उतरवतानाच एकाने विचारलं, “तुमचे मिस्टर पण गाईड आहेत का?” म्हणजे खरा गाईड मागून येतोय की काय, असा त्याचा चेहरा. पुण्याचे अभय गोडसे जीन्स घालून आले होते. मी म्हटलं, जीन्स ओली झाली की अंगातली ऊब खेचून घेते, दुसरी पँट घाला. ते म्हणाले, “अहो ताई, आम्ही सह्याद्री पालथा घातलाय, तोही पावसात.” आता यांना कोण सांगणार, की सह्याद्रीतला पाऊस कपडे भिजवतो, इथला हाडं भिजवतो.

ब्रीफिंगला मी नेहमीचे प्रश्न विचारले. ऍलर्जी? औषधं? खाण्याचं काही पथ्य? वैदेही कुलकर्णींनी बोटं मोजत सांगायला सुरुवात केली. दूध चालत नाही, कच्चा कांदा चालत नाही, डावा गुडघा, दम्याचा पंप, थंडीत कान दुखतो. मी मनात म्हटलं, या बाई आपला जीव घेणार. सुहासराव मात्र मस्त हसले. पन्नाशीचे, नागपूरचे, पैलवानासारखे आडवेतिडवे. “आपलं काही नाही मॅडम. आपण सगळं खातो.” मी डोक्यात खूणगाठ बांधली: वैदेहीबाईंवर लक्ष, सुहासरावांची काळजी नाही.

पहिल्या दिवशी दुपारनंतर पाऊस सुरू झाला तो झालाच. या डोंगराची माती म्हणजे जुनी राख. कोरडी असते तेव्हा पावलागणिक उडते, ओली झाली की भिजवलेल्या बेसनासारखी बुटाला धरून बसते. एक पाऊल वर टाकावं तर अर्धं खाली. दुसरा दिवस कॅम्पवर सामान वाळवण्यात आणि अभयरावांची तक्रार ऐकण्यात गेला. “मग आम्ही टेंटमध्ये बसायला आलोय का?” तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस जरा कमी झाला. आठही जण बूट चढवून उभे. मी ठरवलं, कड्याखालच्या पठारापर्यंत जाऊ, तिथून बघू.

पावसाळी थंडीत चालताना एक नियम पाळावा लागतो. खात राहायचं. जेवायचं नाही, खात राहायचं. प्रत्येक थांब्याला दोन घास. शरीर म्हणजे शेगडी आहे. ओल्या हवेत ती भराभर कोळसा खाते. कोळसा संपला की माणूस आतून गार पडायला लागतो. याला हायपोथर्मिया म्हणतात. त्याची पहिली लक्षणं अगदी साधी असतात. माणूस अडखळतो, पुटपुटतो, त्याला जॅकेटची चेन लावता येत नाही आणि तो चिडतो. आपल्याला वाटतं, दमलाय. पुढे तो नुसताच बसतो, आणि मग उठत नाही.

म्हणून प्रत्येक थांब्यावर मी रांगेतून हिंडत होते. “खाल्लं का? दाखवा, काय खाल्लं?” वैदेहीबाई बिचाऱ्या मुकाट्याने एनर्जी बार खात होत्या. अभयराव म्हणाले, आपण टॉपवरच जेवू, सगळे एकत्र. मी म्हटलं, टॉपवर जेवणारे खाली पोचत नाहीत, तोंड हलवा. आणि सुहासराव? ते तर हातात चिवड्याची पिशवी घेऊन सगळ्यांना वाढत होते. “घ्या नं, घ्या. घरचा आहे.” टायलरलाही दिला. टायलर म्हणजे रांगेच्या शेवटी चालणारा माझा जोडीदार. त्याने तर दोनदा घेतला. पिशवी सुहासरावांच्याच हातात, मग मी त्यांना कशाला विचारते?

तर असे आम्ही त्या पठारापाशी पोचलो, पाऊस पुन्हा कोसळायला लागला आणि सुहासरावांनी चंद्रोदय विचारला.

मी त्यांचा हातमोजा ओढून काढला. बोटं बर्फ. “जॅकेटची चेन लावा बघू,” म्हटलं. त्यांना लागेना. “सुहासराव, शेवटचं कधी खाल्लंत?”

“काही होऊन नाही राहिलं मला,” ते चिडून म्हणाले, आणि खाली बसले.

उत्तर मागून आलं, वैदेहीबाईंकडून. “अहो, त्यांची संकष्टी आहे. काल रात्रीपासून पाण्यावर आहेत.”

मी वळले. “तुम्हाला माहीत होतं?”

“सगळ्यांनाच माहीत आहे,” अभयराव म्हणाले. “दर महिन्याला ऑफिसमध्ये बघतो की आम्ही.”

“आणि मला कोणी सांगितलं नाही?”

“तुम्हाला वाटलं... म्हणजे आम्हाला वाटलं, तुम्ही आपल्यातल्याच, तुम्हाला कळलं असेल.”

त्या क्षणी मला त्या आठही जणांना एकेक करून डोंगरावरून लोटून द्यावंसं वाटलं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पथ्य आहे का विचारलं तर नाही. कारण उपवास म्हणजे पथ्य थोडंच? कांदा हे पथ्य. दिवसभर निरंकार राहून ज्वालामुखी चढणं ही श्रद्धा!

टायलरने ताडपत्री बांधली, स्टोव्ह पेटवला. आम्ही सुहासरावांचे ओले कपडे काढून त्यांना स्लीपिंग बॅगमध्ये घातलं. पण बॅग ऊब देत नाही, असलेली ऊब फक्त धरून ठेवते. ऊब आतून यायला हवी, म्हणजे पोटात साखर जायला हवी. मी हॉट चॉकलेटचा मग पुढे केला. त्यांनी तोंड फिरवलं.

“चंद्र... पाहिल्यावर.”

“निदान शेंगदाणे? खजूर? उपासाला चालतात.”

“नाही. नेम आहे.”

नेमाची गोष्ट वैदेहीबाईंनी सांगितली. सुहासराव कॉलेजात असताना त्यांचे वडील मरणाच्या दारातून परत आले. तेव्हा आईने आणि मुलाने मिळून नेम धरला. संकष्टीला चंद्रदर्शन होईपर्यंत फक्त पाणी. आई नागपुरात पाळते, मुलगा इथे. वडील अजून ठणठणीत. असा नेम मी “कॅलरीज हव्यात” म्हणून मोडायला सांगत होते.

मी सॅटेलाईट फोन काढला. त्या डोंगरावर मोबाईल चालत नाही. हा जाडजूड फोन थेट उपग्रहाशी बोलतो. ग्लेनची सक्त ताकीद असते, जिवावर बेतलं तरच वापरायचा. बेतलंच होतं. मी ग्लेनला लावला.

“हेलिकॉप्टर?” मी विचारलं.

“इन दॅट क्लाउड? नो वे. कॅन ही वॉक?”

“इफ ही ईट्स.”

“देन फीड हिम!”

“ही वोन्ट.”

“व्हाय नॉट?”

“बिकॉज द मून इज नॉट अप.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग अगदी हळू आवाजात, “मृणाल, आर यू ओके? हॅव यू ईटन?”

मी फोन बंद केला. कॅम्प खाली होता, वाटेत फुगलेला ओढा होता, आणि हा ऐवज नव्वद किलोचा. दोन गाईड मिळून त्यांना त्या चिखलातून उचलून नेणं शक्य नव्हतं. ते स्वतःच्या पायांनी उतरले तर वाचणार होते. तेही अंधार पडायच्या आत. आणि त्यासाठी अजून गिळता येतंय तोवर त्यांनी खायला हवं होतं.

इकडे ताडपत्रीखाली मंडळाची सभा भरली होती. वैदेहीबाई म्हणत होत्या, “नागपुरात चंद्र केव्हाच उगवला. आपली सकाळ म्हणजे त्यांची रात्र. त्यांच्या आईंनी उपास सोडलासुद्धा असेल.”

“तसं चालत नाही,” अभयराव म्हणाले. दात वाजत होते, तरी मत होतंच. “चंद्रोदय स्थानिक वेळेनेच धरायचा. इथला चंद्र इथे.”

“इथे चंद्र दिसणार आहे का? वर बघा जरा!”

“दिसला नाही तर पंचांगातली वेळ धरतात. पण स्थानिक.”

तिसऱ्याने मेजॉरिटी घेऊ या म्हणून सुचवलं. खोटं नाही सांगत. माणूस गार पडतोय आणि हे हात वर करायला निघाले होते!

“गप्प बसा सगळे!” मी ओरडले. “वैदेहीताई, तुम्ही काय म्हणालात? आईंनी उपास सोडला असेल?”

“हो. आत्ता तर तिकडे पहाटेचे तीन असतील.”

“सुहासराव, आईंचा नंबर सांगा.”

चेन लावता येत नव्हती, स्वतःचं वय सांगायला अडखळत होते. पण आईचा नंबर त्यांनी घडाघडा म्हटला. मी लावला. खूप वेळ रिंग गेली. मग एक झोपेतला, घाबरलेला आवाज.

“कोण बोलून राहिलं?”

या फोनवर आवाज उशिरा पोचतो. मी सावकाश, एकेक वाक्य तोडून सांगितलं. मी कोण, सुहास कुठे, पाऊस, थंडी, उपास. प्रत्येक वाक्यानंतर सेकंदभर काहीच ऐकू येत नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, “दे त्याला.”

मी फोन सुहासरावांच्या कानाला धरला. आवाज एवढा मोठा होता की आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

“सुहास! अरे बापासाठी नेम धरला नं आपण? तू मेला तर तो बाप जगून काय करणार? मी पाहिला चंद्र. तुझ्या नावानं अर्घ्य पण दिलं. झालं. घरात एकानं पाहिला म्हणजे सगळ्यांनी पाहिला. ती पोरगी जे देईल ते खा मुकाट्यानं!”

सुहासरावांचे ओठ थरथरले. ते रडत होते की कुडकुडत होते, सांगता येत नाही. “हो आई,” म्हणाले, आणि मगासाठी तोंड उघडलं. मी घोट घोट पाजत होते. वैदेहीबाई मागे बसून त्यांची पाठ चोळत होत्या. स्वतःचा तो दुखरा कान, तो गुडघा, कशाबद्दल एक शब्द नाही. अभयरावांनी स्वतःची चिक्की काढून दिली आणि पंचांगाविषयी पुन्हा बोलले नाहीत.

फोन चालूच होता. मी कानाला लावला तर आई अजून पलीकडे.

“खाल्लं का त्यानं?”

“खातायत, काकू.”

“आणि तू गं? तू काही खाल्लंस का?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आठवलं, सकाळच्या चहावर होते. आठ माणसांच्या तोंडाकडे बघत हिंडले, माझा बार खिशात तसाच.

“खाते,” म्हटलं.

“आत्ता खा. मी थांबते.”

आणि त्या खरंच थांबल्या. मिनिटामिनिटाला पैसे खाणाऱ्या त्या फोनवर, हजारो मैलांवरून, त्यांनी मला अख्खा बार खायला लावला.

सुहासराव स्वतःच्या पायांनी उतरले. हळूहळू, टायलरच्या आणि माझ्या मधोमध, चार ठिकाणी बसून घसरत. ओढा पार केला तेव्हा जेमतेम उजेड होता. त्या रात्री चंद्र उगवला असेलच, पण ढगांमुळे कोणाला दिसला नाही. टॉप कोणाचाच झाला नाही. चौथ्या दिवशी आम्ही परतीला लागलो आणि आकाश लख्ख उघडलं. शिखर असं समोर, हात लावावा इतकं. अभयराव दर वळणावर मागे वळून त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत होते. मी लक्ष दिलं नाही.

आठवड्याने ग्लेनने फोनचं बिल माझ्यापुढे टाकलं. “हू द हेल इज इन नागपूर?”

“मेडिकल कंट्रोल,” मी म्हटलं. म्हणजे अवघड पेशंट असला की ज्या डॉक्टरला फोन करून विचारायचं, ते. ग्लेनने माझ्याकडे बघितलं, बिलावर सही केली.

त्यानंतर मी ब्रीफिंगला सरळ विचारते, “उपवास कोणाचा आहे?” मराठी ग्रुप असो, जपानी असो. जपानी ग्रुपला मी तेव्हाही ढीगभर प्रश्न विचारायचे. आपल्या माणसांना विचारले नाहीत, कारण आपली. ग्लेनने हा प्रश्न सगळ्या गाईडना विचारायला लावला. पहिल्याच महिन्यात कुणाचे रोजे निघाले, कुणाचं डाएट, आणि एकीने तर लग्नाच्या ड्रेससाठी खाणं सोडलेलं.

सुहासरावांचा ई-मेल आला. आभार वगैरे, आणि खाली एक ओळ: ‘आई दर संकष्टीला उपास सोडताना विचारते, ती डोंगरावरची पोरगी जेवली का?’

तेव्हा मी दुसऱ्या ग्रुपच्या बॅगा भरत होते. दुपार टळली होती. मी बॅग बाजूला ठेवली आणि आधी डबा उघडला.