शून्याहून मोठं काहीच नव्हतं

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत. ती आधी टायपिस्ट होती. टायपिंगचं काम संपलं तेव्हा चाळिशी उलटली होती, तरी मुलीच्या कॉलेजच्या पुस्तकांवरून ती प्रोग्रामिंग शिकली. मुलगी थट्टा करायची, "आई, परीक्षा माझी आहे की तुझी?"

तिला मिळालेलं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे तळघरातले सहा फ्रीझर. दर दहा मिनिटांनी सहांची तापमानं यायची. त्यांतलं सर्वांत मोठं शोधायचं, आणि ते उणे साठच्या वर गेलं की भोंगा वाजवायचा. तिने ‘मोठा’ नावाची एक जागा केली, तिच्यात शून्य ठेवलं आणि एकेक आकडा त्याच्याशी ताडून पाहिला. जास्त निघाला की तो आत. बारा, पंचेचाळीस, सात घालून पाहिले. पंचेचाळीस आलं. ती खूश झाली.

गुरुवारी प्रोग्राम बसवला आणि भोंगा वाजायलाच लागला. फ्रीझरांतले आकडे सगळे उणे सत्तर-ऐंशीचे. शून्याहून मोठा एकही नाही, म्हणून उत्तर कायम शून्य, आणि शून्य तर उणे साठच्या वरच. तंत्रज्ञाने फोन केला तेव्हा ताई आईजवळ इस्पितळात होती.

"सोमवारी बघते," ती म्हणाली. "तोवर भोंगा बंद ठेवा."

"बरं. नाहीतरी कान किटलेत आमचे."

शनिवारी दुपारी चौथा फ्रीझर बंद पडला. कुणाला पत्ताच नाही. सोमवारी दार उघडलं तर आतून पाणी ओघळलं. एका दुर्मीळ आजाराच्या मुलांचे रक्ताचे नमुने होते ते, एकोणीस वर्षं जमवलेले. त्यांतली बरीच मुलं आता हयात नव्हती.

नमुने जमवणाऱ्या डॉक्टरीणबाई ओल्या नळ्या पुसून रांगेत लावत होत्या. ताई दारातच थांबली.

"चूक माझी आहे. शून्याऐवजी पहिलाच आकडा मोठा धरायला हवा होता. एका ओळीचं काम होतं."

बाईंनी मान वर केली नाही. पुढची नळी पुसत विचारलं, "आई कशी आहे तुमची?"

"काल गेली."

"आणि तुम्ही इथे आलात?"

बाईंनी शेजारच्या स्टुलावरचा ट्रे उचलला. ताई बसली, आणि फडकं घेऊन तीही नळ्या पुसू लागली.

ती ओळ तिने त्याच दिवशी सुधारली. बाईंचा अभ्यास मात्र तिथेच थांबला. पुढे ताईने पुष्कळ प्रोग्राम लिहिले, ते चांगले चालले. तळघरात ती पुन्हा कधी उतरली नाही.