एका नंबरला एकच गाय

दूध उतू चाललं होतं आणि तृप्ती एका हातानं गॅस बंद करत, दुसऱ्यानं फोन कानाला दाबून ओरडत होती, "भाऊ, मालकाचा मोबाइल नंबर चुकला असेल! परत टाका!"

"चारदा टाकला ताई. ॲप म्हणतं, हा नंबर आधीच हाय." पलीकडे खंडेराव. चांदवडच्या आतल्या गावांत जनावरांच्या डॉक्टरांबरोबर लसीची शिबिरं लावायचा. गायीची नोंद ॲपवर झाली की चिठ्ठी, चिठ्ठी असली तरच सुई. ॲप तृप्तीनं एकटीनं बनवलेलं, एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये, ओट्यावर लॅपटॉप ठेवून. कॉलेज सोडलं म्हणून ज्यांनी नाकं मुरडली, त्यांच्यातल्या एकाला तरी जमलं असतं का? आज ॲपचं पहिलंच शिबिर.

"कोणाची गाय?"

"कुसाबाईची. दोन आणल्यात. पहिलीला टोचलं, दुसरी घेतच नाय. लसीची बाटली फोडलीय ताई, तासाभरात संपवायची, नायतर फेकायची. पुढचं शिबिर महिन्यानं. आन् शेजारच्या गावात जनावरांना गाठी आल्यात."

"मग कागदावर लिहून टोचा ना!"

"डॉक्टर ऐकत नाय. मागच्या टायमाला कागदावर केलं तर निम्म्या गायींना दोनदा टोचलं. म्हणून तर तुमचं ॲप घेतलं."

मागून म्हातारीचा आवाज आला, "तिला इचार, एका बाईनं दोन गायी ठिवायला बंदी हाय का?"

तृप्तीनं कोड उघडला आणि कपाळावर हात मारला. मालकाचा स्कीमा, म्हणजे नोंदीचा साचा, तिनं आधी लिहिला होता. त्यात मोबाइल नंबरावर युनिक इंडेक्स, म्हणजे एक माणूस दोनदा नोंदला जायला नको. बरोबरच होतं. मग गायीच्या नोंदीत मालकाची माहिती हवी, म्हणून तोच स्कीमा उचलून आत बसवला. परत कोण लिहीत बसणार? पण त्याच्याबरोबर तो इंडेक्सही गुपचूप आत गेला. आता गायींच्या यादीतही एक नंबर एकदाच. आणि ॲप तपासताना बाईसाहेबांनी मामा, काकू, मैत्रिणी सगळ्यांच्या नावावर एकेकच खोटी गाय टाकली होती! क्वार्टरमध्ये वाढलेली पोरगी, कोणाच्या दारात दोन गायी असतात हे डोक्यातच आलं नाही.

तिनं एक ओळ टाकली: आत बसवताना इंडेक्स घेऊ नको. सर्व्हरवर चढवलं. "टाका भाऊ."

"तेच म्हणतंय."

"च्यायला! ॲप बंद करून परत उघडा."

"उघडलं. तेच. ताई, नंबराचा शेवटचा आकडा बदलून टाकू का? कोणाला कळतंय?"

"खबरदार! उद्या दुसऱ्या डोसचा मेसेज कोणा भलत्याच माणसाला जाईल!"

"पोरी," कुसाबाईनं फोन हिसकावला वाटतं, "तुझं ते यंतर शिकलेलं हाय की नाय?"

"माझ्यासारखंच आहे मावशी. अर्धवट."

"मंग दोघी मिळून लवकर शिका. गाय उन्हात हुभी हाय."

तृप्ती रडकुंडीला आलेली. आणि मग लक्षात आलं. कोड बदलल्यानं नवा इंडेक्स बनणार नाही, पण बनलेला जुना डेटाबेसमध्ये ठाण मांडून बसलाय. तो हातानंच काढायला लागणार. असे इंडेक्स दोन, एक मालकांच्या यादीत, एक गायींच्या. चुकून मालकांचा उडवला तर सगळाच गोंधळ. तिनं यादीचं नाव तीनदा मोठ्यानं वाचलं. गायींचाच. उडवला.

"टाका."

फोनवर नुसतं हंबरणं ऐकू येत होतं.

"घेतली! ताई, घेतली! धरा रं तिचं शिंग!"

"किती वेळ उरलाय?"

"दहा मिन्टं."

कुसाबाईनं आभार वगैरे काही मानले नाहीत. "आता तिसरी घीन तवा तरास नको," एवढंच म्हणाली. तृप्ती ओटा पुसत बसली, उतू गेलेलं दूध वाळून चिकटलेलं.

दिवाळीला खंडेराव एकलहऱ्याला आला, तेव्हा चहा पिता पिता सहज बोलून गेला. पहिली टोचलेली गाय कुसाबाईची नव्हतीच. ती शेजारच्या मालनबाईची. मालनबाई कांदे लावायला गेलेली, तिच्याकडे फोनही नाही. म्हणून कुसाबाईनं स्वतःचा नंबर सांगून तिची गाय आधी पुढे केली होती. अडकली होती ती कुसाबाईची स्वतःची.