आईसाठी डॅशहंड

पन्नाशीला टेकली तरी घरात आणि जिन्यातल्या शेजाऱ्यांत ती धाकटीच. थोरला भाऊ परगावी, वडील कधीच गेलेले. आई पडून कमरेचं हाड मोडल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आई, धाकटी आणि शिवणयंत्र. ती लोकांचे पडदे शिवायची. खिडक्यांची मापं घ्यायला मात्र तिला जाता यायचं नाही. गिऱ्हाइकंच मापं लिहून आणत. दूध आणून ती वर आली की आईचा प्रश्न ठरलेला, "तेवढ्यात मेले असते तर?"

आई मुख्याध्यापिका होती. हाड छान जुळलंय, चालवा, असं डॉक्टर सांगून थकले. पण जिना आपल्याच्याने उतरवणार नाही असं आईने जाहीर केलं होतं, आणि तिने जाहीर केलेल्या गोष्टीवर घरात चर्चा होत नसे.

मग एका सकाळी तिने नवीन जाहीर केलं. "मला डॅशहंड कुत्रा हवा. अस्सल. लहानपणी आमच्याकडे होता तसा."

दादाने फोनवर तत्काळ दुजोरा दिला. "झकास! आईला सोबत होईल. तू फक्त चांगला ब्रीडर शोध." उंटावरून शेळ्या हाकण्यात दादाचा हात कोण धरणार?

पहिल्या विक्रेत्याने तिला पेट्रोलपंपामागे बोलावलं. शेजारच्या काकू आईजवळ बसल्या होत्या, त्यांची कुरकुर सुरू व्हायच्या आत परतायचं होतं. त्याने गाडीच्या डिकीतून खोकं काढलं. आत लांबुळकं पिल्लू, डोळ्यांना चिपडं, पोट टम्म.

"याची आई कुठे आहे?" तिने विचारलं.

"गावाला."

"बघायला मिळेल?"

"ताई, कुत्रं घ्यायचंय की सोयरीक जुळवायचीय?"

घाईच्या भरात ती 'हो' म्हणणारच होती. तेवढ्यात पिल्लू खोकलं आणि तिचा हात मागे आला. घरी रिकाम्या हाताने गेल्यावर आईने तिला जे ऐकवलं, ते तिने मूग गिळून ऐकलं.

मग प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी गावाबाहेरच्या एका निवृत्त नर्सचा पत्ता दिला. "ती सहजासहजी देणार नाही," त्या म्हणाल्या, "पण तिचं कुत्रं घ्याल तर निर्धास्त."

नर्सबाईंच्या घरात पिल्लांची आई सोफ्याखाली पसरली होती आणि पिल्लं तिच्या अंगावरून घसरत होती. बाईंनी आईबापाच्या तपासण्या दाखवल्या, एक पिल्लू धाकटीच्या मांडीवर ठेवलं आणि उलटतपासणी सुरू केली.

"कितवा मजला? लिफ्ट?"

"तिसरा. लिफ्ट नाही."

"मग जन्मभर उचलून न्यावं लागेल. जिन्याने यांचा मणका जातो."

"नेईन."

"घर रिकामं किती वेळ असतं?"

"कधीच नसतं," धाकटी अभिमानाने म्हणाली. "मी कुठे जातच नाही."

"कुठेच?"

"नाही."

आपण काय बोललो ते धाकटीला आता ऐकू आलं. पिशवीत आईचा फोन तिसऱ्यांदा वाजत होता.

"कुत्रं कोणासाठी?" बाईंनी विचारलं.

"आईसाठी."

"मग आईंना आणा. ज्याचं कुत्रं त्याने येऊन बसायचं. त्याशिवाय मी देत नाही."

हे ऐकून आई भडकली. "कोण समजते ही स्वतःला?" दोन दिवस ती धुमसत राहिली. तिसऱ्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून दारात उभी. "टॅक्सी बोलाव."

धाकटी हात द्यायला धावली. आईने तो झटकला. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती उतरू लागली. मध्ये थांबली, पण बसली नाही. खाली पोचली तेव्हा थोडी धापत होती, इतकंच. धाकटी मात्र पहिल्या मजल्यावर कठडा धरून उभी राहिली.

नर्सबाईंनी आईचीही तासभर तपासणी घेतली. मुख्याध्यापिकेला भेटली मुख्याध्यापिका! शेवटी एक तांबूस मादी द्यायचं ठरलं. "नाही जमलं तर रस्त्यावर सोडायचं नाही, कुणाला द्यायचंही नाही," बाईंनी बजावलं. "माझ्याकडे आणायचं. कधीही."

परत आल्यावर आई पलंगावर आडवी झाली. "पाय चेपून दे."

धाकटी पाय चेपत म्हणाली, "आई, तू उतरलीस."

"कुत्र्यासाठी उतरले," आईने डोळे मिटले. "रोज रोज होणार नाही ते."

"माझ्यासाठी?"

"तुला काय झालंय?"

पिल्लू घरी आलं. आईच्या कुशीत झोपतं, आईच्याच ताटाकडे बघतं. खाली न्यायचं काम धाकटीचं. ती त्याला छातीशी धरून उतरते, आवारात सोडते. वर खिडकीत आई उभी असते, चांगली ताठ, दोघी वर येईपर्यंत. फाटकाकडे पावलं वळली की हाक येते, "लांब नको नेऊस तिला!"

गेल्या आठवड्यात धाकटीने दादाला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं नाही, सांगितलं. "पुढच्या महिन्यात आठ दिवस तू इथे राहायचं. आई जिना उतरते. मी पाहिलंय."

"बघतो," दादा म्हणाला.

तिने फोन ठेवला आणि पडद्याची दुमड घालायला बसली.