चुरीसाहेब, आमचे खाते आणि वेवजीचे चिकू

ज्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा अंक निघतो आहे, त्या श्री. नरेंद्र चुरी यांची आणि माझी पहिली भेट डहाणूच्या कार्यालयात झाली, तीही गोंधळातच. मी गंजाडची, शेतकऱ्याच्या घरातली. केंद्र सरकारच्या उद्योग खात्यात नोकरी लागली, एवढेच घरी कळले होते. हे खाते नेमके करते काय, हे मला कुणी सांगितले नव्हते आणि विचारायची हिंमत झाली नव्हती. रुजू झाले त्या दिवशी साहेबांनी विचारले, "आपलं खातं काय करतं, माहीत आहे?" मी नाही म्हटले. "बरं झालं. माहीत आहे म्हणणारी माणसं फार त्रास देतात," असे म्हणून त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

मग त्यांनी सगळी रचना समजावून सांगितली. वर दिल्लीला मंत्रालय, तिथे सचिव आणि सहसचिव. ते धोरण ठरवतात. त्यांच्या हाताखाली मंडळे आणि महामंडळे. मुंबईला विभागीय कार्यालय, तिथून योजना खाली उतरतात. सगळ्यात खाली आम्ही, डहाणू आणि तलासरी बघणारे. शिवाय राज्याचे उद्योग खाते वेगळे आणि जिल्ह्याला त्यांचे कार्यालय आणखी वेगळे. "धोरण दिल्लीचं, योजना मुंबईची, आणि दारात आलेला माणूस आपला," ते म्हणाले. मला त्यातले शेवटचे तेवढे समजले. निवृत्तीला आले तरी त्यात फारशी भर पडलेली नाही.

माझ्या खातेअंतर्गत परीक्षेच्या वेळी साहेब तलासरीच्या बसमध्ये शेजारी बसून माझ्याकडून ही रचना घोकून घेत. चारोटी येईपर्यंत दिल्ली, महामार्गाला लागलो की मुंबई. सगळे तोंडपाठ झाले आणि नेमकी तेव्हाच दोन मंत्रालये एक होऊन रचना बदलली. मी रडकुंडीला आले. साहेब शांतपणे म्हणाले, "पेपर जुन्याच रचनेवर काढलाय, जुनीच लिहा. नवीन काय आहे ते आम्हालाही कळायचंय." मी पास झाले. मात्र त्यांचे ते दुसरे वाक्य किती खरे होते, हे आम्हा दोघांना पुढे तलासरीकडच्या वेवजी गावच्या कामात कळायचे होते.

त्याआधी साहेबांचा एक नियम सांगायला हवा. कार्यालयात आलेल्या माणसाला 'हे आमचं काम नाही' असे म्हणायची आम्हाला मुभा होती, पण तसे म्हणणाऱ्याने उठून, ज्याचे काम असेल त्याच्या टेबलापर्यंत त्या माणसाला स्वतः पोचवायचे. टेबल तलासरीत असो की जिल्ह्याच्या ठिकाणी. या नियमामुळे आमच्या चपला लवकर झिजत आणि कार्यालय बरेचदा रिकामे असे. वरिष्ठांनी साहेबांना यावरून दोनदा तरी झापले. साहेबांनी ऐकून घेतले आणि नियम तसाच ठेवला.

वेवजीच्या जमनाबेन धोडी आमच्याकडे आल्या तेव्हा चिकूचा हंगाम सुरू व्हायचा होता. त्या आणि त्यांची जाऊ सविता यांनी गावातल्या बायका जमवून चिकूच्या चकत्या सुकवायचे काम काढले होते. चकत्या अंगणात उघड्यावर सुकत, त्यांच्यावर धूळ बसे, आणि व्यापारी माल परत पाठवी. उन्हावर चालणारे बंदिस्त सुकवणी यंत्र मिळाले तर धंदा टिकणार होता. नाही मिळाले तर सगळ्याजणी हद्दीपलीकडे गुजरातेत उंबरगावला कंपनीत जाणार होत्या. जमनाबेन सरळ म्हणाल्या, "एवढा हंगाम बघू साहेब. नायतर बायका थांबायच्या नाय."

साहेबांनी विचार करून सांगितले, "फळाचं काम आहे, आमचं नाही." आणि नियमाप्रमाणे ते स्वतःच त्यांच्याबरोबर निघाले. शेतीवाल्यांनी सांगितले की फळ झाडावर असेपर्यंत आमचे, कापले की उद्योग. अन्नप्रक्रियेवाले म्हणाले, एवढे लहान काम आमच्यात बसत नाही. सौरऊर्जेवाल्यांचे म्हणणे, यंत्र आमचे, पण त्यात चिकू घालणार असाल तर आधी चिकूवाल्यांना विचारा. जिल्ह्याचे ठिकाण तेव्हा ठाणे होते. तिथे राज्याच्या कार्यालयाने ही केंद्राची योजना आहे म्हणून हात जोडले. प्रत्येक ठिकाणी साहेब जमनाबेनना खुर्ची मिळवून देत आणि स्वतः उभे राहून बोलत. मी मागे पिशव्या धरून. कोण बरोबर आणि कोण चूक, याचा मला पत्ता लागेना, कारण प्रत्येकाचे बोलणे ऐकले की तोच बरोबर वाटे.

चिकू भराला आले, तरी आम्ही फिरतच होतो. जमनाबेन दमल्या. "आता तुमीच जा," म्हणाल्या. म्हणून मुंबईच्या विभागीय कार्यालयात मी आणि साहेब दोघेच गेलो. तिथल्या बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि चष्मा काढला. "चुरीसाहेब, मंत्रालयं एक झाली तेव्हाच हे काम तुमच्या टेबलाकडे आलंय. तुमच्याच सहीने होईल."

परत येताना मी आपली म्हटले, "उद्या सही करू आणि मंजुरी आली म्हणून कळवू. त्यात खोटं काही नाही." साहेब म्हणाले, "खोटं नाही, पण मग ती पुढल्या खेपेला पुन्हा सगळीकडे हिंडेल. आणि तिला वाटेल, सरकारच असं असतं. हे सरकार नव्हतं, मी होतो." मला त्यांचा हा फरक तेव्हा नीट कळला नाही. वाईट मात्र फार वाटले.

सकाळी सही करून आम्ही वेवजीला गेलो. अंगणात पिकून फुटलेल्या चिकूंचा वास भरला होता. बायका कंपनीत लागल्या होत्या, सवितासुद्धा. जमनाबेन एकट्याच घरी होत्या. साहेब उन्हात उभे राहून म्हणाले, "बेन, हे काम पहिल्या दिवसापासून माझंच होतं. मला कळलं नाही. तुमचा हंगाम माझ्यामुळे गेला." जमनाबेन म्हणाल्या, "सविता गेली नी साहेब. ती काय आता येते?" आणि आत निघून गेल्या. त्यांनी पाण्यालाही विचारले नाही. आमच्या भागात पाण्याला न विचारणे म्हणजे काय, हे आपण सारे जाणता.

पुढच्या हंगामात यंत्र बसले. बऱ्याच बायका परतल्या. सविता उंबरगावलाच राहिली. दोघी जावांनी मिळून मांडलेला तो धंदा होता, त्यातली एक कायमची गेली. यंत्र बसवायला, नंतर बिघडले तेव्हा, साहेब वेवजीला जात राहिले. जमनाबेन कामापुरते माझ्याशी बोलत, साहेबांशी नाही. साहेबांच्या निरोप समारंभालाही त्या आल्या नाहीत. साहेबांनी कधी तक्रार केली नाही. मी एकदा विषय काढला, तर म्हणाले, "राग बरोबर आहे तिचा."

आज साहेबांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. दरम्यान जिल्हा बदलला, खात्याची रचना पुन्हा बदलली, निम्मे काम संगणकावर गेले. मी अजून चक्रावलेलीच आहे. आपण सर्व स्नेही, सहकारी आणि त्यांनी उभे केलेले छोटे उद्योजक यांच्या वतीने साहेबांना निरामय, दीर्घ आयुष्य चिंतिते. माझे त्यांच्यावर फार प्रेम आहे, हे कार्यालयात कधी बोलता आले नाही, इथे लिहिते.

हा प्रसंग छापण्याआधी परवानगी घ्यायला मी गेल्या महिन्यात वेवजीला गेले होते. जमनाबेन चकत्या पालथ्या घालत होत्या. सगळे ऐकून म्हणाल्या, "लिवा. माझा राग अजून गेला नाय, ते पण लिवा."

"किती वर्षं झाली, बेन."

"झाली तर झाली. तब्येत कशी हाय त्यांची?"

मी म्हटले, गुडघे दुखतात, साखर थोडी वाढली आहे. त्यांचे हात थांबले.

"त्यांना म्हणा, गोळ्या टायमावर घ्या. माझा राग उतरेस्तोवर त्यांना कुठं जायचं नाय."

"मग कधी उतरणार?"

जमनाबेननी पुढची चकती उचलली. "मी कशाला उतरवते?"