कृष्णाबाईचा कापरा हात

हमरापूरच्या त्या कारखान्यात रंग कुणीही मारो, गणपतीचे डोळे आखायचे ते कृष्णाबाईनेच. सासूने तिच्या हाती बारीक कुंचला दिला तो नियमासकट: आखणी संपेपर्यंत पोटात चहाखेरीज काही जाता कामा नये. कृष्णाबाईने तो नियम कधी मोडला नाही.

मग धाकटी जाऊ आली. सुरभी, माहेर निडीचं. आधी मुकुट रंगवायची, मग सोंड, आणि आता दोन वर्षं लहान मूर्तींचे डोळे. तीही उपाशीच बसायची, पण हात जरा म्हणून हलायचा नाही. दुपारी उठली की वालाच्या बिरड्याबरोबर चार भाकऱ्या हाणायची आणि अंगाला काही लागायचं नाही. कृष्णाबाईचा नुसता तिळपापड व्हायचा. हिने भात निम्म्यावर आणला, मधुमेहाची गोळी चालू केली, तरी वजन वाढायचं ते हिचंच. देवाने तरी किती पक्षपात करावा!

यंदा कृष्णाबाईचा हात कापायला लागला. सकाळी गोळी घ्यायची, रिकाम्या पोटी आखणीला बसायचं, आणि उन्हं वर आली की बोटं थरथरायची, घाम फुटायचा. ती कुणाला बोलली नाही. बोलली असती तर मोठ्या मूर्तीही सुरभीकडे गेल्या असत्या. पुण्याचे व्यापारी आधीच विचारत होते, "या लहान गणपतींचे डोळे कुणी काढले हो?"

शेवटी व्हायचं तेच झालं. मंडळाच्या मोठ्या मूर्तीचा डावा डोळा कानापर्यंत ओढला गेला आणि कृष्णाबाई स्टुलावरून कलली. सुरभीनेच धावत येऊन तिच्या तोंडात गूळ कोंबला. "वैनी, चावा. चावा बगू!" जीव थाऱ्यावर आला, पण तो हिच्या हातून यावा, याचंच कृष्णाबाईला जास्त लागलं.

सुरभीचा नवरा हरेश वहिनीला पेणला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

"गोळी घेऊन उपाशी बसता?" बाईंनी विचारलं.

"आखणी असते ना. आमची सुरभी पन उपाशीच बसते. तिला कसा काय व्हत नाय?" कृष्णाबाईच्या पोटातलं ओठावर आलं.

"तिच्या शरीराचे सगळे भाग एकमेकांना सांभाळून घेतात," बाई म्हणाल्या. "मेंदूला साखर सतत लागते, पण त्याच्याकडे साठा नसतो. हातापायांच्या स्नायूंकडे असतो, पण ते आपली साखर दुसऱ्याला देत नाहीत. देतं ते यकृत. पोट रिकामं झालं की स्वादुपिंड इन्सुलिन कमी करतं आणि यकृत साठ्यातली साखर रक्तात सोडतं. तुमची गोळी इन्सुलिन कमी होऊच देत नाही. मग यकृत हात आखडतं, रक्तातली साखर घसरते, मेंदू कासावीस होतो. घाम, थरथर, हे सगळं त्यामुळे."

"म्हंजे तिचा यकृत पन चांगला?"

बाईंना हसू आलं. "गोळी मी बदलते. पण यापुढे खाल्ल्याशिवाय कामाला बसायचं नाही."

बाहेरून दिसणारं सगळं त्या पोरीचं सरस होतंच, आता आतलंही निघालं.

दुसऱ्या दिवशी कृष्णाबाईने स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून भाकरी खाल्ली. नियम मोडणं पाप होतं, पण डोळे आखायचं काम सुरभीला देण्यापेक्षा हे पाप परवडलं. सुरभीने पाहिलं आणि मुकाट्याने पुढे गेली. एखादी टोचून तरी बोलली असती! हिला तेवढाही खवचटपणा जमत नव्हता.

आणि हात स्थिर राहिला. सकाळभर कुंचला हवा तसा वळला. मनातल्या मनात कृष्णाबाईला उकळ्या फुटत होत्या. आता बघतेच, व्यापारी कुणाचं नाव काढतात ते!

दुपारी तिने आपला गणपती सुरभीच्या गणपतीशेजारी फळीवर वाळायला ठेवला आणि दोन पावलं मागे सरली. तिच्या रेषा सरळ होत्या, स्वच्छ होत्या, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. पण तिचा गणपती समोर कुठेतरी बघत होता. सुरभीचा तिच्याकडे बघत होता. ती डावीकडे सरली, उजवीकडे सरली, तरी तिच्याकडेच.

"वैनी, हात बसला की परत!" हरेश मागून म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली.

इतके दिवस तिने सगळा दोष त्या थरथरीवर टाकला होता. तिने पुन्हा एकदा हात पुढे धरून पाहिला. थोडा तरी कापायला हवा होता, असं तिला मनापासून वाटलं.