अभिनंदनाचा बॅनर आधीच लागला होता

दोस्तांनो, किलीमांजारोच्या शेवटच्या तळावरून लिहितोय. शिखराची चढाई आज रात्री आहे, पण औशाचे दत्ताभाऊ आमच्यात नसतील. ते माझ्यामुळे खाली गेले.

भाऊ निघायच्या आधीच मित्रमंडळींनी औशाच्या चौकात बॅनर लावला होता : ‘आफ्रिकेचे शिखर सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’

आज दुपारी तंबूत त्यांना दोनदा उलटी झाली. उभे राहिले की झोक जात होता. मला म्हणाले, “गाईडला सांगू नको. बॅनर लागलाय, गावात तोंड दाखवायचं हाय मला.”

गाईड डोकावला तेव्हा भाऊंनी हसून अंगठा दाखवला. मी मात्र सगळं सांगून टाकलं. गाईडने त्यांना सरळ चालायला लावलं. तिसऱ्या पावलाला ते माझ्या अंगावर कोसळले.

“उंची बाधलीय. आत्ताच खाली,” गाईड म्हणाला.

“दोस्त हाईस का दुश्मन?” भाऊ माझ्यावर ओरडले आणि दगडावर बसले ते उठेनात. धुकं दाटत होतं. शेवटी मी वहिनींना फोन लावून सगळं सांगितलं आणि स्पीकरवर टाकला.

“अहो, हा बॅनर पोरं काढतील. श्रद्धांजलीच्या बॅनरवर तुमचा फोटो मला बघायचा न्हाई. उतरा.”

भाऊ उठले. गाईडच्या मदतनिसाचा खांदा धरून उतरले, माझ्याकडे न बघता.

आता निरोप आलाय : खाली पोचले, सूप प्यायले, बरे आहेत.

लातूरकरांनो, माझाही बॅनर छापायला दिलाय का? असेल तर थांबवा. सकाळपासून माझंही डोकं ठणकतंय, आणि हे मी अजून गाईडला सांगितलेलं नाही. आता सांगायला निघालोय.