कोपरापर्यंतची मी

आमच्याकडे लग्नघरी मांडे करणारीला मजुरी मोजून देत नाहीत. शेवटचा मांडा खापरावरून उतरला की तिला पाटावर बसवतात, ओटी भरतात आणि खण-नारळाखाली नोटा ठेवतात. ओटीची पावती मागणारी बाई अजून जन्मायची आहे. मी तर पदरात किती पडलं तेसुद्धा घरी येऊन पाहायचे.

बारा वर्षं ते पैसे पत्र्याच्या पेटीत साठवले. नवरा गेल्यावर धुळ्याकडचं गाव सोडून लेकीसह जळगावला आले आणि तेव्हापासून चार भाड्याची घरं बदलली. प्रत्येक घरमालकाला माझे मांडे आवडायचे, चुलीचा धूर नाही. लेक दवाखान्यात नर्स झाली, तिच्या पगारावर कर्ज मिळेल असं दिसलं आणि शहराच्या कडेला दोन खोल्यांचं घर सापडलं. मागे चुलीपुरता परस होता, तेवढ्यावरच मी हो म्हटलं. दोन महिन्यांत खरेदीखत झालं नाही तर इसार बुडणार, हे सौदापावतीत वाचूनच सही केली.

मग मी अतिशहाणपणा केला. पेटीतले अडीच लाख एकाच सकाळी नेऊन बँकेत भरले. वाटलं, आपला हिस्सा एकरकमी दिसला की साहेब खूश होईल. पंधरा दिवसांनी साहेबाने दोघींना बोलावून विचारलं, एवढी रोकड एकदम आली कुठून? मी म्हटलं, मांडे करून. तो उद्धट बोलला नाही, पण कागद आणल्याशिवाय फाईल पुढे जाणार नाही असं त्याने सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक बँका बुडवून पळतात, आणि हिशेब मांडेवालीला विचारतात! चोर सोडून संन्याशाला सुळी, ती हीच.

लेक माझ्यापेक्षा थंड डोक्याची. ज्यांनी पैसे दिले त्यांच्याकडूनच लिहून आणू, असं ती म्हणाली. मग तिच्या सुटीच्या दिवशी एसटीने यावल, पहूर, जामनेर. लग्नाच्या खर्चाची वही कोणी टाकत नाही, त्यामुळे आकडे सापडत गेले आणि लोक चहा पाजून पत्रं देत गेले. यावलच्या एका अक्कांनी तर पत्रासोबत लग्नाचा व्हिडिओही दाखवला.

मी स्वतःला पहिल्यांदाच मांडे करताना पाहिलं. म्हणजे कोपरापर्यंत पाहिलं. दोन हातांवर मांडा फिरत होता, मोठा होत होता, खापरावर पसरत होता, आणि लगेच कॅमेरा नवरदेवाच्या मामाकडे वळला. तोंड कुठेच नाही. फोटोवाल्याला मांडा हवा होता, मांडेवाली नको. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. लेकीने मात्र तो व्हिडिओ मागून घेतला आणि बाकीच्या घरांनाही त्यांच्या व्हिडिओंसाठी फोन लावले.

बँकेत पत्रांची चळत ठेवली. साहेब म्हणाला, पत्रं काय, ओळखीतलं कोणीही देईल. लेकीने फोनवर पहूरच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. त्याने नीट पाहिलं आणि विचारलं, हे हात तुमचेच कशावरून? मी बांगड्या वर सारल्या आणि उजव्या हातावरची गोंदलेली तुळस त्याच्यापुढे धरली. तीच तुळस व्हिडिओत होती. पण साहेबाची नजर बारीक. तुळशीखाली माझ्या हातावर भाजल्याचा मोठा डाग आहे, तो व्हिडिओत नव्हता.

"हा डाग इथे दिसत नाही," तो म्हणाला. लेकीचा चेहरा उतरला. माझा नाही.

जामनेरचं लाव, मी तिला सांगितलं. ते लग्न पहूरच्या पुढच्या वर्षीचं. त्यात माझा हात मांडा घेऊन खाली जातो, तापल्या खापराला टेकतो आणि झटक्याने वर येतो. मांडा मात्र हातावरच राहतो. मग तो खापरावर पडतो, भाजल्या जागेवर कोरडं पीठ चोळलं जातं आणि हात कणकेचा पुढचा उंडा उचलतो.

साहेबाने तेवढं पुन्हा लावायला सांगितलं. मग माझ्या हाताकडे पाहिलं.

"हाऊ हात मनाच शे, साहेब," मी म्हटलं. संतापले की माझी शहरी भाषा पळून जाते.

एवढं भाजूनही मांडा पडू कसा दिला नाही, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तो पडला असता तर पुढच्या लग्नाला कोणी बोलावलं असतं? त्यावर तो पहिल्यांदा हसला. माझा जबाब लिहून घेतला, सही घेतली, पत्रं फाईलला लावली. मुदतीला चार दिवस उरले असताना खरेदीखत झालं. नोंदणी कार्यालयातून बाहेर पडताना मी इतक्या जोरात हसले की लेकीने माझा दंड दाबला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, परसात चूल पेटवली. धूर सरळ वर गेला, आणि कोणाच्या बापाची हरकत नव्हती. शेजारणी ताटं घेऊन बसल्या. लेकीने फोन काढला आणि सवयीने माझ्या हातांवर धरला. मांडा कोपरांपर्यंत आला होता. मी तो तसाच तोलून धरला.

"आते मनं तोंडबी येवू दे," मी म्हटलं.

लेक दोन पावलं मागे सरकली.